पुशरॉडच्या ब्लॉकवर ओव्हरहेड कॅमचं हेड बसतं का?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शॉपमध्ये अँबेसिडरच्या इंजिनाचा एक जुना ब्लॉक, म्हणजे सिलेंडर असलेला खालचा सांगाडा, पडून आहे. १४८९ सीसी, बीडाचा, दोघांनी मिळून उचलावा असा. मागच्या महिन्यात भाचा आला. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ब्लॉकवर हात ठेवून म्हणाला, "मामा, याला सोळा व्हॉल्व्हचं ट्विन कॅम हेड बसवूया. हे हेड काढायचं, ते ठेवायचं, बोल्ट आवळायचे. एवढंच की!"

मी काही बोललो नाही. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं त्याच्या हातात दिलं आणि ब्लॉकचा माथा पुसायला सांगितलं. काळा थर निघत गेला तशी भोकं दिसायला लागली. चार मोठी, ती सिलेंडरची. त्यांच्याभोवती स्टडची, म्हणजे हेड आवळून धरणाऱ्या आट्यांच्या दांड्यांची. पाण्याची, लहानमोठी, काही गोल तर काही वेडीवाकडी. एका बाजूला ओळीनं पुशरॉडच्या वाटा. आणि एक अगदी बारीक, वर रॉकरला तेल नेणारं.

"आता या एकेका भोकाला नवीन हेडमध्ये काय उत्तर आहे ते सांग," म्हटलं.

सगळा विषय या एका प्रश्नात आहे. हेड म्हणजे डब्याचं झाकण, अशी आपली समजूत असते. पण ब्लॉक ओतला गेला तेव्हाच ठरलेलं असतं की वर पाणी कुठून जाणार, तेल कुठून चढणार, कुठून परत येणार, व्हॉल्व्ह कोण आणि कुठून उघडणार. वरचा मजला बदलायचा म्हटलं की खालून आलेल्या प्रत्येक नळाची नवी सोय लावावी लागते.

आधी पुशरॉड म्हणजे काय ते बघू. इंजिनात मिश्रण आत घ्यायला आणि जळलेला वायू बाहेर सोडायला व्हॉल्व्ह असतात. ते उघडायचं काम कॅमशाफ्टचं. उंचवटे असलेला हा दांडा क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत स्वतःची एक फेरी पुरी करतो. अँबेसिडरमध्ये तो खाली ब्लॉकच्या पोटात बसलेला आहे, व्हॉल्व्ह मात्र वर हेडमध्ये. मग खालच्या उंचवट्यावर टॅपेट, टॅपेटवर लांब सळई म्हणजे पुशरॉड, सळईच्या वरच्या टोकाला रॉकर, आणि रॉकरचं दुसरं टोक व्हॉल्व्हवर. आपल्याकडच्या जुन्या घरात सोप्यात उभं राहून वेळूनं माडीची खिडकी ढकलावी, तसा हा प्रकार. खिडकी उघडते, तक्रार काही नाही. पण तीच खिडकी सेकंदाला पन्नास वेळा उघडायची-मिटायची म्हटली तर वेळू वाकायला लागतो, थरथरतो, आणि खिडकी मिटायच्या आत पुढचा धक्का येतो.

पन्नास हा आकडा हिशोबाचा आहे. इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर असेल तर कॅम ३००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येक व्हॉल्व्ह तेवढ्या वेळा उघडून बंद झाला पाहिजे. बंद करायचं काम स्प्रिंगचं. टॅपेट, पुशरॉड, रॉकर यांचं सगळं वजन त्या स्प्रिंगला परत ओढून आणावं लागतं. एका मर्यादेनंतर तिला ते झेपत नाही आणि व्हॉल्व्ह कॅमची साथ सोडून हवेतच राहतो. मेकॅनिक म्हणतात व्हॉल्व्ह तरंगला. स्प्रिंग कडक केली तर कॅम आणि टॅपेट झिजतात, पुशरॉड वाकतो.

उलट, विहिरीवर आणि गुऱ्हाळावर वर्षानुवर्षे राबलेलं लिस्टर पद्धतीचं ऑइल इंजिन आठवा. मिनिटाला ६५० च्या आसपास फेऱ्या. तिथे व्हॉल्व्ह सेकंदाला पाच-साडेपाच वेळा उघडतो. त्या इंजिनाला पुशरॉडसारखी चोख व्यवस्था दुसरी नाही. कॅम खाली तेलाजवळ, क्रँकशी गिअरनं जोडलेला. हेड काढायचं झालं तर टायमिंगला, म्हणजे क्रँक आणि कॅमच्या जुळवलेल्या मेळाला, हात लावावा लागत नाही. बांधावर बसून दोन पान्यांत काम होतं. म्हणून पुशरॉडला कुणी मागासलेलं म्हटलं की मला ते पटत नाही. जे काम त्याला दिलं होतं, ते त्यानं नीट केलं.

ओव्हरहेड कॅममध्ये दांडाच माडीवर नेतात. मधला वेळू गेला, हलणारं वजन कमी झालं, फेऱ्या वाढवता आल्या. मारुती ८०० पासून आपल्याकडे हे घरोघरी आलं. पण फेऱ्या वाढणं हा अर्धाच फायदा. माझ्या मते मोठा फायदा वेगळा आहे, आणि तो अँबेसिडरच्या जुन्या हेडकडे नुसतं बघितलं तरी कळतो. त्या हेडला आत येणारी आणि बाहेर जाणारी दोन्ही तोंडं एकाच बाजूला आहेत, आणि पुशरॉडही त्याच बाजूला. त्या गर्दीतून वाट काढायची म्हणून चार सिलेंडरना मिळून आत घ्यायची तोंडं दोनच, आणि बाहेर सोडायची तीन. दोन-दोन सिलेंडर एकाच नाकानं श्वास घेतात. पुशरॉड हटले की ही जागा मोकळी होते. एका बाजूनं सरळ आत, दुसऱ्या बाजूनं सरळ बाहेर, व्हॉल्व्ह तिरके आणि मोठे, हवे तर सिलेंडरला चार. इंजिनाची ताकद शेवटी किती हवा आत जाते यावर ठरते. कॅम वर नेण्याचं खरं मोल मोकळ्या झालेल्या या जागेत आहे.

आता भाच्याचा प्रश्न. हे कुणी केलंय का? केलंय, आणि अँबेसिडरच्याच घराण्यात. हे इंजिन मूळ ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज म्हणून ओळखलं जाणारं. त्याच घराण्याच्या ब्लॉकवर १९५८ साली दोन कॅमचं ॲल्युमिनियम हेड बसवून एमजीए ट्विन कॅम ही गाडी विकायला आली. १५८८ सीसी, १०८ अश्वशक्ती. १९६० साली ती बंद झाली. एकूण २१११ गाड्या निघाल्या. ती का बंद झाली, त्याकडे पुढे येतो.

यशाची गोष्ट लोटस या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांच्या कंपनीची. हॅरी मंडी यांनी फोर्डच्या साध्या पुशरॉड ब्लॉकवर दोन कॅमचं हेड आखलं. १५५८ सीसीचं ते इंजिन १९६२ च्या सुमारास लोटस एलानमध्ये आलं आणि पुढे कितीतरी वर्षं चाललं. इटलीत ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी फियाट १२४ च्या पुशरॉड इंजिनावरून १९६६ साली ट्विन कॅम काढलं, तेही दातेरी रबरी पट्ट्यावर चालणारं. आपल्याकडे प्रीमियरची ११८ एनई आली तिचा सांगाडा त्याच फियाट १२४ चा, इंजिन मात्र निसानचं, पुशरॉडचं. आणि शर्यतीची इंजिनं बनवणाऱ्या कॉसवर्थ कंपनीच्या कीथ डकवर्थ यांनी फोर्डच्या रोजच्या ब्लॉकवर सिलेंडरला चार व्हॉल्व्हचं एफव्हीए हे इंजिन बनवलं. त्यातून मिळालेल्या ज्ञानावर त्यांचं पुढचं शर्यतीचं इंजिन, डीएफव्ही, उभं राहिलं, ज्यानं १९६७ मध्ये पदार्पणाच्याच शर्यतीत झांडवूर्टला बाजी मारली आणि एकूण १५५ फॉर्म्युला वन शर्यती जिंकल्या.

एवढ्या मोठ्या लोकांनी नवा ब्लॉक का नाही ओतला, असं भाच्यानं विचारलं. शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात फौंड्रीत दोन दिवस काढले की याचं उत्तर आपोआप मिळतं. ब्लॉक ही इंजिनातली सगळ्यात अवघड ओतीव वस्तू. त्याचे पॅटर्न, कोअर बॉक्स, पुढचं मशिनिंग, फिक्स्चर, सगळा खर्च एकदा झालेला असतो. तो ब्लॉक हजारोंनी निघतोय, क्रँक सांभाळतोय, त्याचे गुणदोष सगळ्यांना माहीत आहेत. हेड त्या मानानं लहान. शिवाय शर्यतीच्या नियमांत अनेकदा अट असायची की ब्लॉक बाजारात विकल्या जाणाऱ्या गाडीचाच हवा.

आता भोकांकडे वळू. सुरुवात पुशरॉडच्या वाटांपासून, कारण त्याच आता बिनकामाच्या वाटतात. तशा त्या नाहीत. पुशरॉडच्या इंजिनात रॉकरवर उडालेलं तेल याच वाटांनी खाली उतरतं. खालचा वायूही याच वाटांनी वर येऊन बाहेर पडतो. नवीन हेडनं या वाटा बुजवल्या तर तेल परत जाणार कुठून? आणि ओव्हरहेड कॅमच्या हेडला तेल जास्त लागतं. कॅमची बेअरिंगं वर, उंचवटे वर, बकेट टॅपेट वर. तेल वर साचून राहिलं की सम्प, म्हणजे तळातलं तेलाचं भांडं, रिकामा पडतो, पंप हवा ओढतो आणि बळी जातो खालच्या बेअरिंगचा. दोष वर असतो आणि इंजिन खाली बसतं, म्हणून लवकर सापडतही नाही. ज्याला जमलं त्यानं जुन्या पुशरॉडच्या वाटाच परतीसाठी वापराव्यात. त्या आयत्या आहेत, रुंद आहेत आणि सरळ खाली जातात. नसेल जमत तर हेडच्या बाजूनं बाहेरून नळी काढून सम्पमध्ये सोडावी. आणि वर जाणाऱ्या तेलाला बारीक जेट लावून लगाम घालावा.

दुसरी गोष्ट, जुन्या कॅमचं काय करायचं? भाचा म्हणाला, "काढून टाकायचा." काढला तर दोन घोटाळे. एक, कॅमच्या बेअरिंगना मुख्य गॅलरीतून, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या मोठ्या वाटेतून, तेल येतं. दांडा काढला की ती भोकं उघडी पडतात, तेल तिथूनच वाहून जातं आणि प्रेशर बसतं. दोन, सिलेंडरना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर आणि तेलाचा पंप याच दांड्यावर चालतात. म्हणून बहुतेकांनी दांडा तिथेच ठेवला, फक्त त्याची नोकरी बदलली. लोटसनं मूळ कॅमशाफ्ट जागेवर राहू दिला. तो व्हॉल्व्ह उघडत नाही, पण डिस्ट्रिब्युटर, तेलाचा पंप आणि पेट्रोलचा पंप चालवतो. एमजीएमध्ये त्याच जागी नवा दांडा घातला. मला ही युक्ती फार आवडते. ब्लॉकमध्ये खोदकाम नाही, तेलाच्या वाटा बंद करायची कटकट नाही. आता क्रँकवर सेन्सर लावून इग्निशन करता येतं आणि तेलाचा पंप बाहेर बसवता येतो, त्यामुळे दांडा काढणंही शक्य आहे. पण मग प्रत्येक बेअरिंगचं तेलाचं भोक हातानं बंद केलं पाहिजे. टॅपेटला वेगळी गॅलरी असेल तर तीही. एक जरी राहिलं तरी पाणीपट्टी भरून नळ उघडा ठेवल्यासारखं होईल.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, ती म्हणजे क्रँकची चाल माडीपर्यंत न्यायची कशी. खाली कॅम क्रँकच्या शेजारी होता. वीतभर चेनमध्ये काम भागत होतं. आता कॅम दीड-दोन वीत वर गेला. शिवाय तो क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरला पाहिजे, म्हणजे कॅमवरच्या चक्राला क्रँकवरच्या चक्राच्या दुप्पट दात हवेत. मोठं चक्र हेडवर बसवलं की हेड उंच होतं आणि बॉनेट मिटत नाही. दोन कॅम शेजारी असतील तर दोन मोठी चक्रं एकमेकांना लागतात. इथे पुन्हा जुना दांडा उपयोगी पडतो. तो आधीच निम्म्या वेगानं फिरतोय! मग क्रँकपासून त्याच्यापर्यंत वेग निम्मा करायचा आणि त्याच्यापासून वर सारख्या दातांच्या लहान चक्रांनी चाल न्यायची. एमजीएनं असंच केलं. खाली गिअरनं निम्मा वेग, वर चेन.

चेन लांब झाली की काय होतं ते फोर्डनं अमेरिकेत अनुभवलं. १९६४ मध्ये त्यांनी ४२७ घनइंचाच्या, म्हणजे ७ लिटरच्या व्ही-आठ पुशरॉड इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एकेक ओव्हरहेड कॅमचं हेड बसवलं. लोक त्याला कॅमर म्हणतात. जुन्या कॅमच्या जागी आखूड दांडा ठेवला, तो डिस्ट्रिब्युटर आणि पंप चालवायचा. त्याच्यावरून दोन्ही बाजूंच्या कॅमना फिरवणारी एकच चेन निघाली, जवळजवळ सहा फूट लांब. इंजिन सहाशेहून जास्त अश्वशक्ती द्यायचं. नॅस्कार या तिथल्या शर्यती भरवणाऱ्या संस्थेनं त्याला मोकळं मैदान दिलं नाही, पण ड्रॅग शर्यतीत त्यानं नाव काढलं.

सहा फुटी चेनचा त्रास असा. चेन फिरता फिरता झिजते, प्रत्येक कडीत केसभर सैल पडते. कड्या जितक्या जास्त, तितका हा सैलपणा साठत जातो. क्रँक ज्या बाजूनं ओढतो तिथे चेन ताठ असते, परतीच्या बाजूला ढिली. व्ही-आठमध्ये एक हेड ओढीच्या वाटेवर आधी येतं, दुसरं नंतर. त्यामुळे दोन बाजूंच्या कॅमचं टायमिंग सारखं राहत नाही. अनुभवी लोक दोन कॅम मुद्दामच काही अंशांच्या फरकानं लावायचे, म्हणजे वेगात गेल्यावर ते जुळतील. चेनच्या ढिल्या बाजूला ती ताणून धरणारा टेन्शनर लागतो आणि लांब पल्ल्याला तिला वाटेवर ठेवणारी गाइडची पट्टी. हेड बसवताना लोक व्हॉल्व्ह आणि पोर्टचा विचार तासन्‌तास करतात आणि गाइडची पट्टी शेवटच्या दिवशी कापतात. माझा आग्रह उलट आहे. आधी चेनची वाट आखा, मग बाकीचं हेड.

चेनऐवजी दातेरी रबरी पट्टा लावता येतो. पट्टा हलका, त्याला तेल लागत नाही, आणि लांबी वाढली तरी फारसं बिघडत नाही. कॉसवर्थचं फोर्डच्या ब्लॉकवरचं पुढचं इंजिन, १९६९ चं बीडीए, त्याच्या नावातला पहिला शब्दच बेल्टचा आहे. घरगुती प्रयोगाला मी पट्टाच सुचवेन. गिअरची माळ सगळ्यात अचूक, एफव्हीएमध्ये तीच होती, पण ब्लॉक आणि हेड गरम होऊन फुगले की गिअरमधलं अंतर बदलतं, आणि ते सांभाळायला उत्तम मशिनिंग लागतं.

फुगण्याचा विषय निघालाच आहे तर एक हिशोब. समजा हेड ४५० मिलिमीटर लांब, ॲल्युमिनियमचं, आणि ब्लॉक बीडाचा. तापमान ८० अंशांनी वाढलं तर हेड लांबीत सुमारे ०.८३ मिलिमीटर वाढतं आणि ब्लॉक ०.३८. फरक जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा. गाडी सुरू केली की हेड ब्लॉकवर सरकतं, बंद केली की परत येतं. मधल्या गॅस्केटला, म्हणजे सांधा घट्ट बंद ठेवणाऱ्या पातळ थराला, हे रोज सोसायचं असतं. म्हणून बीडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड बसवताना गॅस्केटचा माल, दोन्ही पृष्ठभागांचं फिनिश आणि स्टडचा ताण यांत तडजोड चालत नाही.

स्टड. यावर मला माझीच चूक सांगायची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचं असंच काम घेतलं होतं. दुसरं हेड, स्टडच्या जागा थोड्या सरकलेल्या. मी ब्लॉकच्या माथ्यावर नव्या जागा खुणावल्या, पंच मारला आणि ड्रिल लावलं. बीड कापलं जाताना हाताला एकसारखा दाब लागतो, काळा भुगा पडत राहतो. तिसऱ्या भोकाला ड्रिल अचानक हलकं झालं. हँडल हातात लोण्यासारखं खाली गेलं. ड्रिल वर काढलं तर टोकाला विटकरी रंगाचा चिखल. मी पाण्याच्या जॅकेटमध्ये शिरलो होतो.

पाण्यात उतरणारा स्टड असू शकतो, आट्यांना सीलंट लावून तो चालवताही येतो. पण तिथे जेमतेम आठ मिलिमीटर बीड उरलं होतं. तेवढ्या आट्या हेडचा ताण धरत नाहीत. तो ब्लॉक गेला. भरपाई दिली, पण तो चिखलाचा रंग अजून डोळ्यांसमोर आहे.

हे का झालं ते पुढे फौंड्रीवाल्या मित्रानं समजावलं. ब्लॉकमधली पाण्याची पोकळी म्हणजे साच्यात ठेवलेला वाळूचा कोअर. वितळलेला रस ओतला की तो कोअर किंचित तरंगतो, एका बाजूला सरकतो. म्हणून बाहेरून सारखे दिसणारे दोन ब्लॉक आतून सारखे नसतात. एकीकडे भिंत जाड, दुसरीकडे पातळ. मूळ आखणी करणाऱ्यानं जिथे स्टड ठरवला, तिथे खाली भक्कम खांब ओतलेला असतो. आपण जिथे ठरवतो तिथे खाली काय आहे हे कागदावर दिसत नाही. आता मी आधी अल्ट्रासोनिक जाडीमापक लावतो, आणि शक्य असेल तर भंगारातला त्याच जातीचा एक ब्लॉक आडवा कापून बघतो. तो कापलेला तुकडा समोर असला की निम्मे प्रश्न सुटतात.

जागा जुळतच नसतील तर मध्ये जाड प्लेट घालायची पद्धत आहे. प्लेट ब्लॉकला जुन्या स्टडच्या जागी बसते आणि हेड प्लेटला नव्या जागी. पण प्लेटच्या जाडीएवढी सिलेंडरची उंची वाढते. मग लायनर वरपर्यंत न्यावे लागतात किंवा पिस्टन बदलावे लागतात, नाहीतर कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, बसतं. आणि गॅस्केट एकाऐवजी दोन होतात. मला प्लेट नाइलाजाचा उपाय वाटतो.

पाण्याच्या भोकांचं थोडक्यात. ती लहानमोठी असतात ते उगीच नाही. पंप पुढे असतो, आणि पाण्यानं आधी मागच्या सिलेंडरपर्यंत जावं म्हणून पुढची भोकं बारीक, मागची मोठी ठेवतात. कित्येकदा हे नियंत्रण गॅस्केटच्या भोकांतच असतं. भोकं जुळवायच्या नादात सगळी सारखी मोठी केली तर पाणी जवळच्या वाटेनं परत फिरतं आणि चौथा सिलेंडर तापतो. लोटसनं पाण्याचा पंप पुढच्या कव्हरमध्येच घातला होता. जागा वाचली, पण पंप बदलायचा म्हणजे कव्हर उतरवायचं मोठं काम होऊन बसलं, आणि त्या इंजिनाच्या मालकांची ही तक्रार कायम राहिली.

आता एमजीएकडे परत. त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन ९.९ ठेवलं होतं. ग्राहकांकडे गेल्यावर पिस्टन जळायला लागले. इग्निशन थोडं पुढे असलं, पेट्रोल हलकं मिळालं, मिश्रण पातळ झालं, की पिस्टनला भोक. पुढे कॉम्प्रेशन ८.३ वर आणलं, तोवर गाडीचं नाव खराब झालं होतं. हेड छान होतं, पण हेड बदललं की जळण्याची खोली बदलते, पिस्टनचा माथा बदलतो, ठिणगीची वेळ बदलते. जुने आकडे तसेच ठेवून चालत नाही.

आणि खालचा मजला? अँबेसिडरच्या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची खाली-वर चाल, ८८.९ मिलिमीटर, म्हणजे लांब. ४५०० फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १३.३ मीटर. नव्या हेडच्या जोरावर ७००० ला नेलं तर २०.७. वेग दीडपट झाला, पण कनेक्टिंग रॉडवर ओढीचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे जवळजवळ २.४ पट. रॉड, रॉडचे बोल्ट, क्रँक, बेअरिंग, कुणालाच हे सांगून ठेवलेलं नव्हतं. वरून माणूस जोरात श्वास घ्यायला लागला म्हणून पायातलं बळ आपोआप वाढत नाही. पैसे मर्यादित असतील तर आधी खाली घाला. हिंदुस्थान मोटर्सनं १९९० च्या दशकात अँबेसिडरला ओव्हरहेड कॅम दिला तेव्हा जुन्या ब्लॉकवर हेड चढवलं नाही, इसुझूचं अख्खं १.८ लिटरचं इंजिन आणलं. रस्त्यावर रोज चालायच्या गाडीला तोच मार्ग बरोबर. शिवाय रस्त्यावरच्या गाडीत असा फेरफार करायचा तर मोटर वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आहे, आधी आरटीओत विचारलं पाहिजे.

भाच्याचा चेहरा उतरला तेव्हा मी त्याला इंग्लंडमधल्या मिनीवाल्यांचं सांगितलं. मिनीचं इंजिनही पुशरॉडचं, अँबेसिडरच्या इंजिनाचं धाकटं भावंड. त्यावर बीएमडब्ल्यूच्या के मालिकेतल्या चार सिलेंडरच्या मोटरसायकलचं ट्विन कॅम हेड बसवणारे लोक आहेत. मोटरसायकलचं हेड लहान, हलकं, आणि सिलेंडरांमधलं अंतर मिनीच्या इतकं जवळ येतं की थोडी कसरत करून जुळतं. म्हणजे अशा कामाची सुरुवात ताकदीच्या आकड्यापासून होत नाही. कुठल्या हेडच्या सिलेंडरांमधलं अंतर आपल्या ब्लॉकशी जुळतं, हा पहिला प्रश्न. ते नाही जुळलं तर बाकी सगळं व्यर्थ.

नाहीतर हेड स्वतःच ओतायचं. आपल्या गावात ते अशक्य नाही. पॅटर्न करणारे आहेत, कोअर करणारे आहेत, एलएम-२५ जातीचं ॲल्युमिनियम ओतून त्याला उष्णता-प्रक्रिया देणारे आहेत, चार आणि पाच ॲक्सिसची मशीन आहेत. अवघड आहे ते पाण्याचा कोअर आणि पोर्टचे कोअर एकमेकांना न लागता साच्यात उभे करणं, आणि ओतल्यावर आतली वाळू पूर्ण काढणं. एका हेडसाठी हा खर्च परवडत नाही. दहा जणांनी मिळून केलं तर विचार करता येईल.

गेल्या रविवारी भाचा पुन्हा आला. यावेळी हातात ट्रेसिंग पेपरची गुंडाळी आणि दोन मार्कर. शॉपमधून त्यानं चार सिलेंडरच्या तीन वेगवेगळ्या गाड्यांची हेड गॅस्केटं शोधून काढली. अँबेसिडरचं गॅस्केट लाल रंगात उतरवलं, बाकीची एकेक करून निळ्या रंगात त्यावर ठेवली. दोन गॅस्केटं पाच मिनिटांत बाद झाली, चौथा सिलेंडर कुठल्या कुठे जात होता. तिसरं बरंच जवळ आलं. सिलेंडर जवळजवळ एकावर एक. पाण्याची भोकं निम्मी जुळली, उरलेली बुजवून नवी पाडता येतील. तेल परत यायला पुशरॉडच्या तीन वाटा हेडच्या आत येतात.

फक्त मागच्या कोपऱ्यातला एक निळा स्टड थेट लाल पुशरॉडच्या वाटेत पडतो. तिथे खाली धरायला बीडच नाही. त्या वाटेत बाहेरून आट्या पाडलेली पोलादी बुशी घट्ट बसवून, तिला खालून कॉलर देता येईल का, याचं चित्र त्यानं कागदाच्या कोपऱ्यात काढून ठेवलंय. कॉलर आत घालायला टॅपेटच्या बाजूचं झाकण उघडून हात पोहोचतो का, ते या रविवारी बघायचं आहे.